सोतिबोल्दींचं व्यंगचित्र

कोकंदच्या लग्नांत सोतिबोल्दी नसले तर पाहुण्यांना पुलाव गोड लागत नसे. दोन बोलांत ते अख्खा मांडव हसवून लोळवायचे. त्यांची मुलगी माव्जुदा मात्र शाळेत 'विदूषकाची पोर' ऐकून ऐकून कानकोंडी झाली होती. ताश्कंदचं स्थळ आलं तेव्हा तिनं सासरी सांगितलं, वडील गाण्याचे शिक्षक आहेत. लग्नात सोतिबोल्दी कोपऱ्यात बसून राहिले. एकही विनोद केला नाही.

ते वारले, तेव्हा गावच्या वर्तमानपत्रात त्यांच्यावर व्यंगचित्र आलं होतं. माव्जुदाला ते त्यांच्या वर्षाच्या फातेहाला, प्रार्थनेसाठी जमलेल्यांकडून कळलं, आणि मग तिला राहवेना. वर्तमानपत्र बंद पडलं होतं. ग्रंथालयातल्या गठ्ठ्यातून नेमकं तेच पान कुणीतरी कापून नेलं होतं. शेवटी एका म्हाताऱ्या न्हाव्यानं तिला बाजारामागच्या चहाखान्यात धाडलं.

तिथं चहाचं पाणी उकळणाऱ्या सामोवारच्या वर, काचेच्या चौकटीत, जन्नतच्या दारात तिरकी टोपी घालून सोतिबोल्दी उभे होते. फरिश्ते पोट धरून हसत होते. दरवानाच्या हातून किल्ल्या पडल्या होत्या.

"फोटो काढू का?" तिनं मालकाला, एर्गाशला विचारलं.

"काढा की. तुम्ही त्यांच्या कोण, ताई?"

"कुणी नाही. ऐकलं होतं त्यांना."

"नशीबवान आहात. त्यांची मुलगी ताश्कंदला असते म्हणे. तिच्यावरून कुणी चिडवलं, की तोंड मिटून घ्यायचे बघा. एरवी कुणाला हार जायचे नाहीत."

माव्जुदा चहा तसाच टाकून उठली.

ताश्कंदला घरी आल्यावर तिनं चित्र छापून घेतलं आणि सासूसमोर ठेवलं. "आई, हे माझे वडील. शिक्षक नव्हते ते."

सासू होसियत कणीक मळत होती. तिचे हात थांबले नाहीत. "ठाऊक आहे. लग्नाआधीच येऊन सांगून गेले. म्हणाले, पोरगी खोटं बोललीय, पण तिला उघडं पाडू नका. मग असं हसवलं, की तुझ्या सासऱ्यांना ठसका लागला."

"तुम्ही कधी बोलला नाहीत."

"शब्द दिला होता ना."

दर ईदला वडील यायचे, दारात खरबुजं ठेवायचे. सासरे विचारायचे, "उस्ताद, शाळा काय म्हणते?" ते म्हणायचे, "पोरं बेसूर आहेत." सगळे हसायचे, आणि ते कधी एकदा निघतात याची माव्जुदा वाट बघत राहायची.

"बस," सासू म्हणाली. "त्या दिवशी काय बोलले ते सांगते."

माव्जुदा बसली. सासू सांगता सांगता स्वतःच हसू लागली. माव्जुदाला मान वर करवेना.