ताईच्या गुडघ्यातलं पाणी

प्रयोगशाळेत त्यांना सगळे रिपोर्टकाका म्हणत. तीस वर्षं रक्त तपासून आकड्यांवर त्यांचा देवापेक्षा जास्त विश्वास बसला होता. संधिवाताचा रोगी कितीही कण्हला तरी काका आधी रक्तातलं सूज दाखवणारं प्रथिन किती आहे ते बघत आणि मगच त्याची कीव करत.

थोरल्या ताईचा उजवा गुडघा सुजला तेव्हाही त्यांनी हेच केलं. ताई कपडे शिवायची. पायानं मशीन मारून मारून तिनेच या धाकट्याला शिकवलं होतं. काकांनी घरी येऊन तिच्या हातातून रक्त घेतलं. आकडा अगदी नॉर्मल आला. डॉक्टरांना दाखवू का, असं तिने विचारलं.

"रक्त स्वच्छ आहे तुझं. उगाच बाऊ करू नकोस," काका म्हणाले. वर, काम टाळायला गुडघा बरा सापडला, अशी थट्टाही केली. ताई हसली. पुढे तिने गुडघ्याचं नाव काढलं नाही आणि काकांनीही कधी विचारलं नाही.

एकच सांधा आतून धुमसत असेल तर रक्तात कधी कधी त्याचा मागमूसही नसतो, हे काकांना ठाऊक नव्हतं थोडंच! परका रोगी असता तर सांध्यातलं पाणी तपासून घ्या, असं त्यांनीच बजावलं असतं. घरच्या माणसाला मात्र जखम मांडीला आणि मलम शेंडीला.

दोन वर्षांनी ताई मशीनवरून उठताना पडली. शेजारणीने तिला दवाखान्यात नेलं आणि तिच्या गुडघ्यातल्या पाण्याची नळी काकांच्याच टेबलावर आली. पाणी गढूळ होतं. त्यातलं प्रथिन असायला हवं त्याच्या दुपटीहून जास्त भरलं. आपलंच काही चुकलं असेल या वेड्या आशेने त्यांनी ते तीनदा तपासलं. तिन्ही वेळा तेच. डॉक्टर म्हणाले, सांधा आतून झिजलाय, आता तो पुरता वाकणार नाही. म्हणजे शिवणकाम संपलं.

काका ताईच्या खाटेपाशी बसले. चूक माझी, असं ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "इतकं दुखत होतं, तर पुन्हा बोलली का नाहीस?"

"तू तपासलं होतंस ना," ताई म्हणाली. "मग दुखलं की मी स्वतःलाच रागवायचे, नाटकं पुरे म्हणून."