वत्सलाताईंनी खोडलेली रेघ

रश्मीचा फोन आला तेव्हा मी इथे सिंगापुरात क्लेमेंटीच्या बाजारात मेथीची जुडी उलटीपालटी करून बघत होते. “मावशी, आई गेली…” एवढंच म्हणाली. वत्सलाताई सकाळी फिरून आल्या, दाराजवळच्या स्टुलावर बसल्या, एका बुटाची नाडी सोडली, आणि दुसऱ्या बुटाची सोडायची राहिली ती राहिलीच. मी पोचले तेव्हा तो बूट तसाच पायात होता. तळव्याला दवाने ओलं झालेलं गवत चिकटलेलं. आज पाच आठवडे झाले, पण मला त्यांचा चेहरा आठवायच्या आधी ते गवतच आठवतं. आणि त्यात काही चूक नाही, कारण या बाईचं सगळं आयुष्य एका गवताच्या तुकड्याशी बांधलेलं होतं. ती गोष्ट मला त्यांनीच सांगितली होती. लिहून ठेव असं काही म्हणाल्या नव्हत्या, पण मी लिहिते आहे. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई, पुढचं सगळं नातवंडांच्या पुस्तकांतून आणि लोकांच्या तोंडून शिकले, तेव्हा कायद्याच्या भाषेत कुठे चुकले तर सांभाळून घ्या.

वत्सलाताई मूळच्या यवतमाळकडच्या. नर्सिंग शिकून इंग्लंडला गेल्या आणि तिथल्या एका खेड्यात घरोघर जाऊन रुग्ण बघणारी नर्स म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली. यजमान गेल्यावर सहा वर्षांपूर्वी त्या रश्मीकडे, इथे सिंगापूरला आल्या. त्यांचा ब्लॉक, म्हणजे इमारत, आणि आमचा ब्लॉक समोरासमोर. आमची चार-पाच घरं महिन्यातल्या एका रविवारी बुद्धवंदनेला जमतात, तिथे ओळख झाली. पण खरी मैत्री झाली ती एका फॉर्मवरून. बुद्धपौर्णिमेचा कार्यक्रम ब्लॉकच्या खालच्या मोकळ्या मजल्यावर, म्हणजे इथे सगळे ज्याला वॉइड डेक म्हणतात तिथे, करायचं ठरलं. मी म्हटलं, “ताई, त्याची आधी परवानगी काढावी लागते. फॉर्म मी भरते, तुम्ही फक्त सही करा.” तर ही बाई हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

“कमल,” म्हणाल्या, “अगं, परवानगी मागायची खोड मला एकदा फार महागात पडणार होती. बस, सांगते.”

त्यांच्या इंग्लंडमधल्या घराच्या मागे एक मोकळं शेत होतं. कुंपण नाही, फाटक नाही. सारं गाव तिथे फिरायचं, पोरं बर्फात घसरगुंड्या करायची, कुत्री धावायची, बायका डबे घेऊन काटेरी झुडपांतली काळी बोरं तोडायच्या. शेत कुणाचं होतं? एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचं. त्याला विचारायचं कधी कुणाच्या डोक्यात आलं नाही. वत्सलाताई मात्र नव्याने राहायला गेल्या तेव्हा तीन आठवडे कडेला उभ्या राहून नुसत्या बघत होत्या. त्यांच्या लहानपणी गावाला गायरान होतं. म्हणायला सगळ्यांचं. पण यांची शेळी तिथे चरायला गेली की कुणीतरी हटकायचंच, “कुणाला विचारून आणली रे?” म्हणून त्यांचे वडील दरवर्षी पाटलाकडून चिठ्ठी आणायचे आणि डब्यात जपून ठेवायचे. पोरीला त्यांनी तेच शिकवलं. पाय टाकायच्या आधी विचारायचं, आणि मिळालेला कागद हरवायचा नाही. मग सात समुद्र ओलांडून गेलेल्या त्या नर्सबाईने काय केलं असेल? शेतकऱ्याला पत्र लिहिलं. “मी आपल्या शेतातून फिरले तर चालेल का?” त्याचं दोन ओळींचं उत्तर आलं. ते त्यांनी फाइलला लावलं आणि मगच शेतात पाय ठेवला. मग पुढे वीस-बावीस वर्षं फिरल्या.

म्हातारा वारला. पुतण्याने शेत घरं बांधणाऱ्याला विकायला काढलं. एके दिवशी तिथे पाटी लागली, घरांचं रंगीत चित्र असलेली. गाव हादरलं. शेजारी जोन नावाची बाई होती, पोस्टातून निवृत्त झालेली, जिभेला हाड नसलेली. तिने माहिती काढून आणली, आणि ती ऐकली तेव्हा, खरं सांगते, मी खुर्चीत सरळ होऊन बसले. तिकडे म्हणे असा कायदा आहे, की गावातल्या लोकांनी एखाद्या जमिनीवर सलग वीस वर्षं खेळ, फेरफटका, मौजमजा केली असेल, तर ती जमीन गावाचं मैदान म्हणून सरकारी नोंदवहीत चढवता येते. मालक कुणीही असो, मग तिथे घर उठत नाही. अटी तीन. दांडगाई करून शिरलेलं नसावं, चोरून शिरलेलं नसावं, आणि परवानगी मागून शिरलेलं नसावं! म्हणजे बघा, नुसत्या चालण्याने हक्क तयार होतो. पायांनी. आमच्या आजा-पणजांनी ऐकलं असतं तर त्यांचा विश्वास बसला असता का?

पण वत्सलाताईंना ही तिसरी अट आधी कुणी सांगितलीच नव्हती. जोन म्हणाली वीस वर्षं, यांनी ऐकलं वीस वर्षं, आणि निघाल्या. घरोघर जाऊन जबान्यांचे फॉर्म भरून घ्यायचं काम त्यांच्याकडे आलं, कारण गावातल्या प्रत्येक दाराच्या आतलं आजारपण त्यांना ठाऊक, त्यांना दार न उघडणारं घरच नव्हतं. प्रत्येक फॉर्मला शेताचा नकाशा जोडलेला. आपण कुठून कुठे चालतो ती रेघ त्यावर प्रत्येकाने मारायची. यांनी आपलीही मारली, ओढ्यापासून ओकच्या झाडापर्यंत. मुख्य साक्षीदार त्याच ठरल्या, कारण रोजच्या फिरण्याची नोंद त्यांच्या डायरीत होती. मग एका दुपारी स्वयंपाकघरात बसून जोन आपला फॉर्म भरत होती आणि तिने प्रश्न मोठ्याने वाचला, “कधी कुणाची परवानगी मागितली होती का?” आणि खिदळली, “परवानगी? कुणाची, गवताची?”

वत्सलाताई म्हणाल्या, “कमल, गावात परवानगी मागणारी एकटी मी. आणि गावाची मुख्य साक्षीदारही मीच!”

त्यांनी फाइल काढून पत्र जोनपुढे ठेवलं. जोनने परवानगीची ती शेवटची ओळ वाचली आणि शेगडीकडे बोट दाखवलं. “टाक त्यात. म्हातारा मेला, पत्र जळालं, विषय संपला.” ताई म्हणाल्या, “रोज सकाळी पंचशील म्हणते मी. खोटं बोलणार नाही हे चौथं शील उद्यापासून काय तोंडातल्या तोंडात पुटपुटू?” जोन तणतणत निघून गेली. “तुझ्या शीलापायी गावाचं शेत जाणार!” चार दिवस बोलली नाही. आणि तिचं तरी काय चुकलं? शेत गेलं असतं तर सगळ्या गावाने यांच्याकडे बोट दाखवलं असतं. परक्या देशात, परक्या रंगाच्या बाईकडे. हे मी विचारलं तेव्हा ताई एवढंच म्हणाल्या, “भीती वाटली गं. खूप वाटली.”

गावाच्या हॉलमध्ये चौकशी बसली. ताईंनी उभं राहून पत्र स्वतःच अधिकाऱ्यांच्या हातात दिलं. बिल्डरचा वकील खूश! म्हणाला, “बघा, मालकाच्या परवानगीनेच गाव फिरत होतं.” अधिकारी म्हणजे एक वयस्क, हळू बोलणारे गृहस्थ. त्यांनी चष्मा पुसला आणि पत्र पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचलं. “बाईसाहेब, इतकी वर्षं सारं गाव माझ्या शेतात फिरतं, आजवर विचारलं कुणीच नाही, तुम्ही विचारलंत, बरं वाटलं. अवश्य फिरा.”

पहिली ओळ! ताईंनी त्या पत्रात इतकी वर्षं फक्त ‘अवश्य फिरा’ तेवढंच वाचलं होतं, कारण त्यांना तेवढंच हवं होतं. आणि त्याच्या वर मालकाने स्वतःच्या हाताने लिहून ठेवलं होतं, की गाव उघडपणे फिरतं, न विचारता फिरतं, आणि मला ते माहीत आहे. वीस वर्षांपूर्वीचा, तारीख घातलेला कागद. गावातल्या सगळ्यांच्या जबान्या एकीकडे आणि हा एक कागद एकीकडे. तो पाटलाच्या चिठ्ठीसारखा जपला नसता, किंवा शेगडीत गेला असता…

शेताची नोंद झाली. ते आता कायमचं गावाचं आहे. पण अधिकाऱ्यांनी निकालात लिहिलं, की या बाईंचं फिरणं परवानगीने झालेलं, ते हिशेबात धरता येत नाही. ताईंनी त्याआधीच, पत्र दिलं त्याच दिवशी, खोडरबर घेऊन आपल्या नकाशावरची रेघ पुसली होती. जोन म्हणे ढसाढसा रडली. “सगळ्यांना मिळवून दिलंस आणि तू तेवढी बाहेर!” तर ताई तिला म्हणाल्या, “वेडे, उद्यापासून मीही न विचारता फिरणार आहे की.”

आणि तसंच वागल्या. इथे आमच्या दोन ब्लॉकच्या मधे हिरवळीचा एक पट्टा आहे. छपराखालचा रस्ता त्याला वळसा घालून जातो, आणि मी सगळी वर्षं त्या वळशानेच गेले. ऊन असो, नसो. ताई सरळ गवतातून यायच्या. मी म्हणायचे, “अहो ताई, कुणी काही म्हणेल.” त्या हात हलवून म्हणायच्या, “म्हणू दे.” सहा वर्षांत तिथे वीतभर रुंदीची, मातीच्या रंगाची एक वाट पडली. गवत कापणारे येतात, एकदा तर माळ्याने नवं गवत लावूनही बघितलं. पण वाट उगवायची ती उगवलीच.

त्या गेल्यावर वाटलं, आता ती बुजेल. परवा खिडकीतून बघते तर शाळेची पोरं एकामागोमाग एक तिच्यावरून चाललेली. त्यांच्या मागून आठव्या मजल्यावरची चिनी म्हातारी, भाजीची चाकाची पिशवी ओढत. मी खाली गेले आणि तिला माझ्या मोडक्या इंग्रजीत विचारलं, या वाटेने का जातेस? तिने माझ्याकडे असं बघितलं, की हा काय प्रश्न झाला! “शॉर्टकट, लाह,” इथल्या ढंगात म्हणाली. “ऑलवेज गॉट.”

पहिल्यापासूनच आहे म्हणे…

रश्मीने तो नकाशा आता मला दिला आहे. रेघ पुसलेली आहे, पण पेन्सिल दाबून मारलेली असल्याने बोट फिरवलं की खाच लागते. ओढा ते ओक. मी तो घडी करून पिशवीत ठेवला, छपराखालच्या रस्त्याच्या तोंडाशी क्षणभर उभी राहिले, आणि पाय गवतात टाकला.