मोकळे हात

काशीगावच्या नर्सिंग होममध्ये नर्स असलेल्या गिरिजा पाटीलकडे एक बिनआभाराचं काम आहे, जंतुसंसर्ग होऊ न देण्याचं. झाला तर सगळे सिस्टरला शोधतात, नाही झाला तर कुणाला तिची आठवणही येत नाही. नवजात बाळांच्या खोलीबाहेर ती बेसिनपाशी उभी राहिली की मोठे डॉक्टरसुद्धा मुकाट्याने घड्याळ काढून खिशात टाकतात. कोपराखाली काही नको. अंगठी नको, दोरा नको, बांगडी तर नकोच. तिच्याखाली साबण पोचत नाही.

हा नियम तिने आधी स्वतःला लावला. लग्नानंतर पहिल्यांदा कामावर गेली तेव्हा बांगड्या उतरवल्या, आणि घरात आकाश कोसळलं. सासू पुष्पलताबाई बांगडी 'फुटली' असंही न म्हणणाऱ्या, 'वाढली' म्हणणाऱ्या. नवरा असताना मोकळे हात? त्यात तिचा नवरा गुणवंत त्याच आठवड्यात स्कूटरवरून पडला, पाय मोडून घेतला. खड्डा रस्त्यात होता, खापर गिरिजाच्या मनगटावर फुटलं. पाय जुळला, सासूचं मन काही जुळलं नाही. गिरिजा रोज घरी पोचण्याआधी बांगड्या चढवायची, तरी तिच्या हातचा चहा सासूबाई तोंड फिरवूनच घ्यायच्या.

परवा नणंद भाविका दिवस भरायच्या आधीच बाळंत झाली, त्याच नर्सिंग होममध्ये. पोर एवढीशी. तिला कुणाच्या तरी छातीची ऊब हवी होती आणि भाविकाला ताप भरलेला. डॉक्टर म्हणाले, आजीला बोलवा.

पुष्पलताबाई आंघोळ करून आल्या. दोन्ही हात हिरव्या बांगड्यांनी भरलेले. गिरिजाने त्यांना दारातच अडवलं.

"आई, बांगड्या काढाव्या लागतील."

"न्हाय गो. तुजे सासरे जिते हायत ना? लगनापासून हात मोकला न्हाय ठेवला मी."

"मग आत जाता येणार नाही."

"सखी आजी हाय मी तिची!"

शेजारी उभी असलेली नर्स संचिता हळूच म्हणाली, "सिस्टर, वरून ग्लोव्हज घालून जाऊ दे ना. घरचंच माणूस आहे."

एवढी एकदा डोळेझाक केली, तर गिरिजाचे घरातले पुढचे दिवस सुखाचे जाणार होते. पण काचेपलीकडे ती पोर होती. "घरचं माणूस म्हणून जंतू सोडत नाहीत," ती म्हणाली, आणि दारातून हलली नाही.

पुष्पलताबाईंनी काचेतून पाहिलं. श्वास घेताना पोरीच्या बरगड्या दिसत होत्या. मग दोन्ही हात त्यांनी सुनेपुढे केले. "तूच काढ. माज्यान् न्हाय होनार."

गिरिजाने साबण लावून एकेक बांगडी जपून उतरवली, एकही वाढू दिली नाही. सासूबाईंनी कोपरापर्यंत हात धुतले. धुऊन झाल्यावर पुटपुटल्या, "तुजे सासऱ्यांना फोन लाव गो. बरे हायत ना, इचार."

संचिताला हसू आलं. गिरिजाला नाही आलं. लग्नानंतर कामाच्या पहिल्या दिवशी याच बेसिनपाशी, बांगड्या खिशात ठेवून, तिनेही गुणवंतला असाच फोन लावला होता आणि घाबरत नुसतं 'जेवलात का' विचारलं होतं.

तिने फोन लावला. धुतलेल्या हातांना लागू नये म्हणून स्वतःच सासूच्या कानाजवळ धरला.

"जेवलाव का?" पुष्पलताबाईंनी विचारलं.

पलीकडून पंढरीनाथ ओरडले. सगळा जन्म मिठागरात काढलेला माणूस तो. "कालवनान् मीठ न्हाय गो!"

"बरे हायत," म्हणत पुष्पलताबाईंनी डोळे मिटले. मग मोकळ्या हातांनी आत गेल्या.