सर्वांनी सांगितलेले एकच घर

ती चौकशी मी आजही विसरू शकलेलो नाही. पोलीस सेवेतून स्वेच्छेने निवृत्त झाल्यानंतर मी रायपूरच्या कचेरीसमोर टेबल मांडून लोकांचे अर्ज लिहितो. माझ्या लेखनाची बांधणी वकीलसुद्धा मान्य करतात, हे येथे नम्रपणे नमूद करतो. मात्र या एका प्रकरणाची मांडणी मी मनात अनेकदा केली आणि प्रत्येक वेळी ती अपुरीच वाटली.

मी त्या वेळी ठाण्यात सहायक उपनिरीक्षक होतो. परदेशी नोकरीसाठी इंग्रजीची जी परीक्षा द्यावी लागते, तिच्या एका केंद्राकडून लेखी तक्रार आली. या परीक्षेत उमेदवाराला समोर बसवून बोलायला लावतात आणि ते बोलणे ध्वनिमुद्रित होते. ‘जेथे पुन्हा जावेसे वाटते अशा घराचे वर्णन करा’ या प्रश्नावर चार उमेदवारांनी एकाच घराचे वर्णन केले होते. रेल्वेचा क्वार्टर, दारात पेरूचे झाड, आणि यार्डाचा भोंगा वाजताच चुलीवर चहा ठेवणारी आई. प्रश्न आधीच फुटला असावा, असा केंद्राचा संशय होता. चौघांचेही निकाल रोखले होते.

ठाणेदारसाहेबांनी तपास माझ्याकडे सोपवला. चौघांपैकी तिघे चौबे कॉलोनीतील एका शिकवणीचे विद्यार्थी निघाले. शिकवणारे गृहस्थ रेल्वेतून निवृत्त झालेले, मूळचे विदर्भाकडचे मराठी. चौथी बीरगांवची एक परिचारिका. तिचा नवरा उरला औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमध्ये कामाला. शिकवणीत तिने कधी पाऊलही ठेवले नव्हते. त्यामुळे साहेबांचा सगळा संशय तिच्यावरच बसला.

“बाहरवाली वही है,” साहेब म्हणाले. “पर्चा वहीं से आया होगा. दबाके पूछो.”

तिला परदेशातील एका रुग्णालयाने निवडले होते. निकाल लवकर सुटला नाही, तर तिची जागा दुसऱ्या कोणाला जाणार होती.

सर्वांना ठाण्यात बोलावले. बाहेरच्या बाकावर शिकवणीचे गुरुजी एका टोकाला आणि ती दुसऱ्या टोकाला बसली होती. ठाण्यात बसलेले दोन अनोळखी लोक एकमेकांकडे निदान एकदा तरी पाहतात, समोरचा कशासाठी आला असेल याचा अंदाज घेतात. या दोघांनी एकदाही मान वळवली नाही. मी ते टिपून ठेवले.

प्रथम गुरुजींना आत घेतले.

“प्रश्न तुम्हाला आधी कळला होता?”

“यात फुटण्यासारखं काय आहे साहेब? घर, सण, प्रवास, हेच विचारतात. मी एकेकाचं उत्तर तयार करून देतो. तोंडपाठ करून घेतो.”

“मग सगळ्यांचं घर एकच काहून?”

“पोट्टे स्वतःच्या घराबद्दल बोलाले लाजतात. एका खोलीत आठ जण राहतो, हे गोऱ्या माणसाले काय सांगू म्हणतात. म्हणून मी आपलं घर देऊन टाकलं. माझ्या काय कामाचं राहिलं होतं ते? बायको गेली, क्वार्टर पाडून टाकला.”

शाळा माझी दहावीच्या अलीकडेच सुटली. इंग्रजीशी माझा संबंध गाड्यांच्या नंबरांपुरता. ध्वनिमुद्रण ऐकून मला काही उमगणार नव्हते. म्हणून मी ठरवले, प्रत्येकाने तेच घर आपल्या बोलीत सांगावे, आणि त्यात नसलेले मी विचारावे.

शिकवणीतला पहिला मुलगा धडाधड बोलला आणि चहापाशी येऊन थांबला.

“चाय किसके लिए चढ़ाती थी?”

“पता नहीं सर. सर ने इतना ही रटवाया था.”

“पेड़ दरवाज़े के किस तरफ़ था?”

“आप ही बता दीजिए न सर, अगली बार बोल दूँगा.”

हवालदार तोंड फिरवून हसला. उरलेल्या दोघांचीही तीच गत झाली.

मग तिला बोलावले. ती बसल्याबरोबर म्हणाली, “मी कोणाचं पाठ केलं नाही साहेब. जे होतं ते सांगितलं.”

“झाड कोणत्या बाजूला?”

“डाव्या. एक फांदी खिडकीत येत होती. आई तिच्यावर बाबाचा टॉवेल वाळू घाले.”

“चहा कोणासाठी ठेवत होती?”

“बाबासाठी. भोंगा वाजला का आई चहा मांडे. बाबाले यायले उशीर झाला तर तो चहा स्वतः पिऊन घे अन् दुसरा मांडे. कधी तीन-तीनदा. बाबाले वाटे, आपण बरोबर वेळेवर आलो. आईनं सांगितलं नाही, मलेही सांगू दिलं नाही.”

माझ्या खोलीला प्लायवूडचा आडोसा होता. पलीकडे बाक सरकल्याचा आवाज झाला.

मी तिचा जबाब पुढे ओढला. त्यावर तिच्या नवऱ्याचे नाव होते. विवाहित स्त्रीच्या नावापुढे नवऱ्याचेच नाव लिहायचे, ही आमच्या ठाण्याची पद्धत. बाप कोण, हे तिला एकानेही विचारले नव्हते. मी विचारले.

“बाहेर बसले आहेत,” ती म्हणाली. “मी आपल्या मनानं लग्न केलं. तेव्हापासून बोलत नाहीत. त्यांच्या शिकवणीत आमचं घर पोट्ट्यांले वाटतात, हे मले आत्ता इथं समजलं.”

प्रकरण उलगडले होते. प्रश्न फुटला नव्हता, घर फुटले होते. त्या घराला दोन वारस होते, आणि दोघांनी ते आपापल्या परीने जपले होते. एकाने ते परक्यांच्या तोंडी ठेवले, दुसरीने ते परीक्षकासमोर पहिल्यांदा बोलून दाखवले.

मी दोघांना समोरासमोर बसवून चहा मागवला. तिने आपला संपवला. गुरुजी पेला हातात धरून जमिनीकडे पाहत राहिले.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, “बाबा, थंडा होऊन राहिला.”

“हव,” ते म्हणाले, आणि प्यायले.

पेपर फुटल्याचा पुरावा नाही, असा अहवाल मी दिला. पाठांतराचे गुण काय द्यायचे, हे परीक्षकांनी पाहावे. तिचा निकाल सुटला आणि ती गेली. बापाला मुलगी परत मिळाली ती निरोप देण्यापुरती. माझ्या अहवालानेच तिला विमानात बसवले, याचा अभिमानही वाटतो आणि आणखीही काही वाटते, ज्याला माझ्याकडे शब्द नाही.

या प्रकरणानंतर ठाण्यात असेपर्यंत कोणत्याही स्त्रीचा जबाब घेताना मी बापाचेही नाव विचारत गेलो. दुसरे असे शिकलो की, खरे बोलणारा माणूस न विचारलेलेही सांगू शकतो, कारण तो त्या घरातून चालत आलेला असतो.

गुरुजी आता विद्यार्थ्यांना त्यांच्या एका खोलीबद्दलच बोलायला लावतात. संध्याकाळी पुष्कळदा ते माझ्या टेबलापाशी येऊन बसतात. मुलीची ड्यूटी सुटली की तिचा फोन येतो. त्या सुमारास ते टपरीवर चहा सांगतात आणि मोबाईल समोर ठेवतात. फोन यायला उशीर झाला की तो चहा पिऊन टाकतात आणि दुसरा सांगतात.

मी काही विचारत नाही. अर्ज लिहीत राहतो.