फुटलीच समजा

माझा मामा खिडक्यांना काचा बसवायचा. नवी काच उचलण्याआधी तिच्याकडे बघून म्हणायचा, "फुटलीच समजा." आणि मग निवांत उचलायचा, नेहमी उभी धरून, कारण आडवी नेली की काच तडकते. आधीच फुटली असं धरून चाललं की खरोखर फुटल्यावर ना राग येतो ना रडू, असं त्याचं शास्त्र. खोटं कशाला बोलू, माणसाएवढी उंच काच त्याच्या हातून निसटून चक्काचूर झालेली मी पाहिली आहे. कपाळावर आठीसुद्धा नाही. झाडू घेतला, तुकडे गोळा केले, दुसरी काच मापायला बसला.

इथवर ठीक होतं. पण मामाने हे शास्त्र घरी आणलं आणि मामीच्या डोक्याला ताप झाला. नवी सायकल दारात आली, "चोरीला गेलीच समजा." मामीने हौसेने केक भाजायला ठेवला, "करपलाच समजा." लेकीच्या परीक्षेच्या सकाळी तर त्याने तोंड उघडायच्या आत मामीने त्यात टोस्ट कोंबला होता. ती भांडायला गेली तरी हा आपला शांत.

"जरा चिडा हो माझ्यावर," ती म्हणायची, "घरात माणूस राहतो असं तरी वाटेल."

मामा हसायचा. मग ती आणखी भडकायची.

पुढे मामीच्या छातीत दुखू लागलं आणि हृदयाचं ऑपरेशन ठरलं. धोका आहे, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. मला मामीची काळजी होतीच, पण त्याहून जास्त धास्ती मामाच्या तोंडाची होती.

त्या सकाळी मामीला स्ट्रेचरवर घेतलं. घाबरली होती, तरी डिवचायची खोड जाईना. "म्हणा की एकदाचं," ती मामाला म्हणाली, "उगाच राहून जायला नको."

मामाने तोंड उघडलं. शब्दच निघेना. पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. तेवढ्यात नेणाऱ्या दोघांनी वळणावर स्ट्रेचर दाराच्या चौकटीवर आपटलं.

"डोळे फुटले का तुमचे?" मामा असा ओरडला की सगळा वॉर्ड वळून बघू लागला. "हळू! कडेला धरा! उभी न्या, उभी! आडवी न्याल तर तडकेल!"

मामीला उभं कसं न्यायचं, ते त्या दोघांना कळेना. मामी मात्र आडवी पडल्या पडल्या खदखदून हसत होती. हसतच आत गेली.

मामा बाकावर बसून चार तास रडला. लोक बघत होते, त्याला पर्वा नव्हती. मीही त्याला गप्प केलं नाही.

ऑपरेशन नीट पार पडलं. दुसऱ्या दिवशी मामीने डोळे उघडले, मला जवळ बोलावलं आणि कुजबुजली, "खरंच ओरडले का गं हे? की मला आधीच भूल चढली होती?"

"ओरडला, मामी. सगळ्यांसमोर."

"पुन्हा सांग," ती म्हणाली.