दूधवाल्याचा फोल्डर होता

बायको गेली की माणसं घरात शिरतात. आधी रडायला येतात, मग आवरायला. माझा मुलगा आवरायला आला तो एक पेटी घेऊन.

रविवार होता. इलेक्ट्रॉनिक सिटीपासून येलहंक्यापर्यंत अख्खं गाव ओलांडून आला, आणि आल्याआल्या टीव्हीशेजारचा आईचा हार घातलेला फोटो उचलून त्याने सोफ्यावर ठेवला. त्या जागी काळी पेटी मांडली. बुटाच्या खोक्याएवढी, पुढे निळा दिवा.

"अप्पा, हा घरचा सर्व्हर. आईचे फोटो, व्हिडिओ, तिने बोलून पाठवलेले मेसेज, सगळं यात राहणार. मला तिकडून दिसेल, ताईला पुण्यातून दिसेल."

"मला इथून दिसतं की तिच्या फोनात. पेटी कशाला?"

"फोन किती दिवस टिकणार?"

"माणसं टिकत नाहीत, आणि तू फोनचं बोलतोस."

फोटो मी सोफ्यावरून उचलला आणि मांडीवर घेऊन बसलो. तो स्क्रू पिळत राहिला.

पेटीत त्याने दोन डिस्क बसवल्या. दोन्हींत तेच ते भरायचं, म्हणजे एक मेली तरी दुसरी चालत राहते, काही बिघडत नाही, असं त्याने मला समजावलं.

"काही बिघडत नाही हे तुला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"कंपनीच सांगते, अप्पा."

कंपनीला काय कळतंय.

मग पेटी दोन्ही डिस्क पुसून घेत होती, तोवर याने लॅपटॉपवर कुणाला काय दिसायचं ते ठरवायला घेतलं. ताईचं नाव, माझं नाव, पासवर्ड. स्वतःचं नाव सगळ्यांच्या वर. म्हणाला, "मी अ‍ॅडमिन. मला सगळं दिसणार, तुम्हाला तुमचं."

"घर कुणाचं?"

"अप्पा, ते तसं नसतं."

"कसं असतं?"

तो पासवर्ड टाकत राहिला. शिकलेल्या पोराचं हेच. त्याला आपलं बोलणं ऐकू येतं, पण ते त्याच्यासाठी नसतं.

खरं काय ते चहा पिताना बाहेर पडलं. पेटीत सगळं उतरलं की आईचा फोन कोरा करायचा आणि घेऊन जायचा. सुनेच्या आईचा फोन बंद पडलाय, तिला द्यायचा. सुनेने सांगूनही टाकलं होतं तिला. मला कुणी विचारलं नव्हतं.

मी चौथी शिकलेला. मोबाईलवरची बारीक अक्षरं वाचायचं माझ्या जिवावर येतं. म्हणून ही मला कधी लिहून पाठवायची नाही, बोलायची. मी फॅक्टरीची बस चालवायचो तेव्हापासून. मी शेवटच्या थांब्यावर थांबलो की ऐकायचो. पण माझा तो फोन के. आर. पुरमला गर्दीत कुणीतरी मारला. नव्या फोनात जुनं काही आलं नाही. आता तिने मला जे जे म्हटलं, ते तिच्या फोनात होतं, आणि दुसरीकडे कुठेच नव्हतं.

"आधी दाखव, काय काय उतरलं ते," मी म्हटलं.

त्याने टीव्हीवर लावलं. तोंडावर मोठी ऐट. म्हणाला, मी स्वतः प्रोग्राम लिहिलाय, फोनमधल्या माणसाचं नाव बघून तो त्याच्या नावाचा फोल्डर करतो. खरंच रांगेत दिसत होतं सगळं. तिची निपाणीची बहीण. आमची मुलगी. फुलवाली अक्का. दूधवाल्याचा फोल्डर होता.

"माझा कुठंय?"

त्याने वरखाली केलं. माझं नाव टाकून शोधलं. परत शोधलं.

"तुमच्या नावाचं काही नाही, अप्पा. आईने तुम्हाला पाठवलंच नसेल फारसं. तुम्ही दोघं घरातच तर असायचा."

माझा हात वर गेला होता. मारला नाही, एवढंच. म्हटलं, "फोन दे इकडे."

"अहो, आता कोरा करायचाय तो..."

"दे म्हटलं ना!"

वायर ओढूनच घेतला मी. फोन त्याच्यासमोर धरला आणि म्हटलं, माझा नंबर लाव, बघू काय येतं. लागला. पडद्यावर नाव आलंच नाही. नुसतं एक लाल टिंब आलं, कुंकवाएवढं.

तिने माझं नाव लग्नातल्या उखाण्यात घेतलं तेवढंच. पुढे रेशन दुकानात विचारलं तरी शेजारणीला सांगायला लावायची. फोनात तरी कशी टाकणार?

मुलगा खाली बसला. "नावात अक्षरच नसेल तर माझा प्रोग्राम तो नंबर सोडून देतो," म्हणाला. "जाहिरातवाले असतात ना, तसले."

"जाहिरातवाला मी?"

"अप्पा, चुकलं."

"चुकलं काय! चहा दहा मिनिटं उशिरा झाला असता, तर फोन कोरा झाला असता ना!"

मी टिंबावर बोट ठेवलं. खाली तिचे बोललेले मेसेज होते सगळे, एकाखाली एक. एक लावला.

"अहो, येताना कोथिंबीर आणा. आणि स्वल्प कढीपत्ता मागा, फुकट देतो तो. नाही म्हणाला तर भांडू नका त्याच्याशी. मागच्या वेळी भांडलात, मला पलीकडच्या दुकानात जावं लागतंय."

मुलगा रडायला लागला. मी त्याला गॅलरीत जायला सांगितलं. तिच्यासमोर रडायचं तर मीही रडलो नव्हतो अजून, आणि त्याच्या संगतीने तर मुळीच रडायचं नव्हतं.

तो आत आला तेव्हा तोंड धुऊन आला होता. "यांचीही कॉपी घेतो," म्हणाला. "खरंच घेतो. तुमच्यासमोर."

"घे. पण मला दिसेल, तुला दिसायचं नाही."

"पासवर्ड विसरलात तर कुणालाच उघडता येणार नाही, अप्पा."

"तुला उघडून काय करायचंय? कोथिंबीर आणणार आहेस?"

त्याने तसं करून दिलं. कॉपी होईपर्यंत फोन माझ्याच हातात होता, वायर लावलेला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. सून होती. फोन आणताय ना, आई विचारतेय, असं मला इथपर्यंत ऐकू आलं.

तो माझ्याकडे बघत राहिला. मी वायर काढली आणि फोन खिशात घातला.

"नाही," तो तिला म्हणाला. "अप्पा देत नाहीत."

"देत नाही म्हणावं," मी त्याच्यापेक्षा मोठ्याने म्हटलं.