मागाचं तेल आणि सुकदेव मास्तरांची होडी

मागाच्या कामाला लिंबायतला आलेली माणसं रिटायर झाली की गावाकडं दोन खोल्या बांधतात, नाहीतर गुडघे दुखतात म्हणून सांगत हिंडतात. सुकदेव मास्तरांनी होडी घेतली. उभा जन्म उधन्याच्या कापड कारखान्यात माग दुरुस्त करण्यात गेलेला, मास्तर ते तिथलेच, पोहायचं म्हणाल तर बादलीभर पाण्याचीही भीती. गल्लीला चघळायला दुसरा विषयच उरला नाही.

होडी मगदल्ल्याच्या कुंदनभाई माछीची, डिझेल इंजिनासकट. मास्तरांच्या मनात एवढंच, की यंदा श्रावणात घरी बसवायच्या कानबाई देवीला काठावरच्या रेटारेटीत नाही, तापीच्या मधोमध नेऊन निरोप द्यायचा. इथवर ठीक होतं. पण हे त्यांनी फोनवर विहीणबाईंना सांगितलं, तिथं चुकलं. लेकीच्या लग्नात वरण जरा पातळ झालं, तर या बाईंनी ते नंदुरबार ते धुळे वाढलं होतं.

"याहीबोवा, होडीत पहिली मी बसणार," त्या म्हणाल्या. "नाही चालली, तर मग माझं तोंड धरायला येऊ नका."

तेव्हापासून मास्तरांची झोप उडाली.

इंजिनात नवं तेल घालायचं होतं. कुंदनभाईनं होडीसोबत एक डबा दिला होता, पण उभ्या हयातीत मागांना तेल पाजलेल्या माणसाला तेल कोण शिकवणार? मागावर चांगलं तेल कुठलं? कापडावर उडालं तरी पाण्यानं धुऊन निघतं ते. डाग राहिला की व्यापारी कापडाचा ताका तोंडावर फेकतो. मास्तरांनी पांढऱ्या चिंधीवर दोन थेंब टाकले, एक डब्यातला, एक मागाच्या तेलाचा, आणि चिंधी बायकोपुढं धरली. धुरपदाबाईंनी ती खळबळली. मागाचा थेंब पहिल्याच पाण्यात गेला. कुंदनभाईचा डाग ढिम्म.

"दखं? हाई खरं तेल!" मास्तर म्हणाले, आणि मागाचं तेल इंजिनात ओतून मोकळे झाले.

शनिवारी कुंदनभाईला सोबत घेऊन होडी पाण्यात घातली. ती थोडी गेली, खोकली, आणि धूर सोडू लागली. कुंदनभाईनं झटकन इंजिन बंद केलं, वल्ही मारत काठाला आणलं. तेल मोजायची सळई ओढून पाहिली, तर तिला ताकासारखा पांढरट फेस.

"मास्तर, आ शुं? इंजिनमां छाश भरी?"

मास्तरांनी कोणतं तेल घातलं ते सांगितलं. कुंदनभाई पोट धरून हसला. मग म्हणाला, "तुमचा माग छपराखाली कोरडा बसतो. हे इंजिन पाण्याच्या कुशीत. थोडं पाणी शिरणारच. इथं पाण्याशी दोस्ती करणारं तेल कशाला? पाण्याशी भांडणारं पाहिजे!"

"दोन लोटा पानीमा पळी जास ते तेल," काठावर उभ्या धुरपदाबाई पदरात हसल्या, "नदीमा कसं टिकी?"

मास्तर बोटांवर दिवस मोजू लागले. उद्या कानबाई बसणार, परवा सकाळी निघणार.

रविवारी घरात कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांचा धूर, पाहुण्यांची गर्दी, आणि घरधनी मगदल्ल्याला. कुंदनभाई आणि त्यांनी मिळून तो फेस काढला, इंजिन आतून डिझेलनं पुन्हा पुन्हा धुतलं. कुंदनभाईनं इंजिनावरची पाटी दाखवली. तेल डिझेल इंजिनाचं हवं आणि किती दाट, तेही त्यावर होतं. मास्तरांनी बायकोचा चष्मा लावून ती पाटी डब्याशी ताडून पाहिली. जुळली. तरी डबा इंजिनात ओतण्याआधी खोड जाते का? स्वतःच्या बनियनवर थेंब टाकला, साबण लावला, दगडावर घासला. डाग हलेना, आणि ज्या डागापायी त्यांनी कामगारांना झापलं होतं, त्याकडं ते लेकराकडं पाहावं तसे पाहू लागले.

सोमवारी विहीणबाई खरंच पहिल्या बसल्या. होडीची कड दोन्ही हातांनी धरून, तोंडानं मात्र, "भिते थोडीच!" धुरपदाबाईंच्या डोक्यावर कानबाई. मास्तरांनी डोळे मिटून दोरी ओढली. इंजिन एकदा गुरगुरलं आणि मग बोलतच सुटलं. मधोमध कुंदनभाईनं वेग कमी केला. बायकांनी गाणं उचललं, कानबाईला निरोप दिला. काठावरच्या गर्दीनं माना उंच केल्या.

परत आल्यावर सगळे उतरले, विहीणबाई उतरेनात. कानाला फोन होता.

"हो, नदीतच आहे. होडी? कोणाची म्हणजे? आपली!"

मास्तर इंजिनावर वाकून काहीतरी तपासू लागले. तपासायला काही नव्हतं.